२० ते ३० जानेवारी १९४८ : गांधीहत्येचा तपास, 'चौथी गोळी' आणि ठाण्याहून गेलेली तार

नौपाडेकर

३० जानेवारीला सकाळी अकराला भोंगा वाजला तेव्हा मी राम मारुती रस्त्यावर दुधाच्या दुकानापाशी होतो. होतो तिथेच उभा राहिलो. दुकानदारही हातातली पिशवी खाली ठेवून उभा राहिला. दोन मिनिटांनी फोन पाहिला तर सोसायटीच्या ग्रुपवर संदेश पडलेला: 'तीन गोळ्या गोडसेच्या, मग चौथी कोणाची?' रात्रीपर्यंत त्याखाली भांडण पेटलं होतं आणि एकाच जिन्यात राहणारे दोन शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले.

म्हणून हा धागा काढतोय. या हत्येच्या तपासाची पुढे चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाचा अहवाल मी दोन वर्षं थोडा थोडा वाचतोय. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे आणि एकच प्रसंग चार साक्षीदारांच्या तोंडून चार वेळा येतो, त्यामुळे वेळ लागतो. पण वाचताना एक गोष्ट मनात घट्ट बसली. या प्रकरणात दडलेलं रहस्य शोधायची गरजच नाही. जे उघड छापलेलं आहे तेच पुरेसं भयंकर आहे.

२० जानेवारी १९४८ला दिल्लीत गांधीजी राहत होते त्या बिर्ला हाउसच्या आवारात स्फोट झाला आणि मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला. तो एकटा नव्हता हे त्याच संध्याकाळी कळलं. त्याच्या बोलण्यातून त्याचे साथीदार विष्णू करकरे यांचं नाव आलं. मरिना हॉटेलच्या ४० नंबरच्या खोलीत 'एन. व्ही. जी.' अशी धोब्याची खूण असलेले कपडे सापडले. २४ तारखेच्या सविस्तर जबाबात 'हिंदू राष्ट्र' या वृत्तपत्राच्या मालकाचा उल्लेख आला. हे वृत्तपत्र आधी 'अग्रणी' नावाने निघायचं, पुण्याहून. संपादक नथुराम विनायक गोडसे. एन. व्ही. जी.

बिर्ला हाउसमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या ३० तारखेला. मध्ये दहा दिवस होते.

आणि त्या दहा दिवसांत ही माणसं होती कुठे? नथुराम आणि नारायण आपटे मुंबईत हॉटेलात. करकरे आपल्या ठाण्यात, एका परिचितांच्या घरी. २५ जानेवारीला ठाण्याच्या तार ऑफिसातून पुण्याला आपट्यांच्या पत्त्यावर तार गेली: 'दोघे ताबडतोब या.' ती तार पुढे लाल किल्ल्यातल्या खटल्यात पुरावा म्हणून आली.

माझा जन्म ठाण्याचा, शाळा इथली, नोकरीही बरीच वर्षं इथलीच. ही गोष्ट मला कोणीही कधी सांगितली नव्हती.

मीठबंदर

वाचून सुन्न झालो. माझे आजोबा तेव्हा ठाण्यात शाळामास्तर होते. गांधी गेले त्या रात्री आमच्याकडे चूल पेटली नाही, एवढंच घरात सांगितलं जायचं. करकरे पाच दिवसांपूर्वी याच गावात होते हे आजोबांना माहीत होतं का, कोण जाणे. ते घर कुठलं होतं?

नौपाडेकर

घराचा पत्ता इथे लिहीत नाही, त्या कुटुंबाला कशाला मध्ये आणायचं. गृहस्थांचा दादरला छापखाना होता. त्यांच्या मुलाने कोर्टात साक्ष दिली की करकऱ्यांच्या सांगण्यावरून ती तार त्याने केली. नथुराम, आपटे आणि नथुरामचा भाऊ गोपाळ गोडसे त्याच सुमारास त्या घरी येऊन गेल्याचंही त्याच साक्षीत आहे.

२७ तारखेला नथुराम आणि आपटे खोट्या नावांनी विमानाने दिल्लीला गेले. तिथून ग्वाल्हेर, तिथे पिस्तूल मिळालं, २९ला पुन्हा दिल्ली. जुन्या दिल्ली स्टेशनच्या विश्रांतिगृहात ६ नंबरची खोली.

ऐरोलीकर

धागा चांगला आहे, पण 'रहस्य शोधायची गरजच नाही' हे वाक्य मला मान्य नाही. प्रश्न विचारणाऱ्याला लगेच अफवा पसरवणारा ठरवू नका. माझे प्रश्न सरळ आहेत.

एक, शवविच्छेदन का झालं नाही? साध्या अपघातातही ते होतं. दोन, त्या वेळच्या काही बातम्यांमध्ये चार गोळ्यांचा उल्लेख आहे, तो कुठून आला? तीन, ग्वाल्हेरचे तीन आरोपी फरार दाखवले गेले आणि ते कधीच खटल्यासमोर आले नाहीत. ते सापडले असते तर पिस्तुलाचा माग मागे कुठवर गेला असता?

अमेरिकेत केनेडींच्या खुनावर वॉरन आयोगाने १९६४ला सांगितलं की ऑस्वाल्ड एकटा होता. १९७९ला त्यांच्याच संसदेच्या समितीने सांगितलं की बहुधा कट होता. म्हणजे सरकारी अहवाल ही काही शेवटची रेघ नसते. आपल्याकडेच तो मान का द्यायचा?

चरईतला वकील

ऐरोलीकर, प्रश्न रास्त आहेत, म्हणून एकेक घेतो. ठाणे कोर्टात तीस वर्षं फौजदारी काम केलंय, जखमांचे दाखले बरेच वाचलेत.

शवविच्छेदन झालं नाही हे खरं. डॉक्टरांनी बाहेरून जखमा तपासून अहवाल दिला. तीन गोळ्या लागल्या. त्यातल्या दोन आरपार गेल्या, एक शरीरात राहिली. आता मोजा: आत जाण्याच्या जखमा तीन, बाहेर पडण्याच्या दोन, एकूण पाच. मृतदेह ज्याने दुरून पाहिला किंवा ऐकून बातमी लिहिली, त्याचा आकडा तीन, चार, पाच यांपैकी काहीही होऊ शकतो. जखमांची संख्या आणि गोळ्यांची संख्या एक नसते, हे कुठल्याही सेशन कोर्टात रोज समजावून सांगावं लागतं.

चौथ्या गोळीचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१७ला याचिका झाली. न्यायालयाने ती पहिल्याच दिवशी भिरकावली नाही, अमरेंद्र शरण या ज्येष्ठ वकिलांना न्यायालयाचे मित्र म्हणून नेमलं. त्यांनी जुने कागद तपासले आणि दुसरा मारेकरी किंवा चौथी गोळी दाखवणारा काहीही पुरावा नाही, असं कळवलं. मार्च २०१८ला याचिका फेटाळली गेली.

फरार तिघांचा तुमचा प्रश्न मात्र मी पूर्ण मान्य करतो. ती या खटल्यातली खरी उणीव आहे. पण उणीव आहे म्हणून तिथे हवं ते नाव बसवता येत नाही.

सेक्टर१७

केनेडींबद्दल थोडं. १९७९च्या समितीने 'बहुधा कट' म्हटलं ते मुख्यतः पोलिसांच्या वायरलेसच्या एका ध्वनिमुद्रणावर. त्यात चौथ्या गोळीचा आवाज आहे, असं तज्ज्ञांनी सांगितलं होतं. १९८२ला तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने ते ध्वनिमुद्रण पुन्हा तपासलं आणि ते आवाज गोळीबाराच्या वेळचे नाहीतच, असा निष्कर्ष काढला. तिथेही घोडं चौथ्या गोळीवरच अडलं होतं, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

माझं शिक्षण वाशीत झालं. कॉलेजात आम्हाला हा सगळा भाग दोन ओळींत संपवला होता: गोडसेने गोळ्या झाडल्या, त्याला फाशी झाली. तपास नावाची काही गोष्ट असते आणि तिचीसुद्धा चौकशी होते, हे आत्ता कळतंय. कपूर आयोग इतक्या उशिरा का नेमला गेला, कोणी सांगेल का?

नौपाडेकर

सांगतो, कारण ती गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली आहे.

ऑक्टोबर १९६४ला गोपाळ गोडसे, करकरे आणि मदनलाल जन्मठेप भोगून सुटले. १२ नोव्हेंबरला पुण्यात त्यांच्या सुटकेबद्दल सत्यविनायकाची पूजा आणि सत्कार झाला. तिथे ग. वि. केतकर बोलले. केतकर म्हणजे लोकमान्यांच्या मुलीचे चिरंजीव आणि नावाजलेले संपादक. ते म्हणाले की नथुरामच्या मनात काय आहे ते मला आधीपासून माहीत होतं, आणि मी ते बाळूकाका कानिटकरांमार्फत मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांच्यापर्यंत पोचवलं होतं. (तेव्हा प्रांताच्या प्रमुखाला पंतप्रधानच म्हणत.)

ते छापून आलं आणि देशभर गदारोळ झाला. विधानसभेत, संसदेत एकच प्रश्न: आधी माहीत होतं तर केलं काय? त्यातून १९६५ला चौकशीसाठी गोपाळ स्वरूप पाठक यांची नेमणूक झाली. ते मंत्री झाल्यावर नोव्हेंबर १९६६ला निवृत्त न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आले. १०१ साक्षीदार, ४०७ कागदपत्रं, अहवाल १९६९ला.

आयोगाला नेमून दिलेला प्रश्न नीट पाहा. 'खून कोणी केला' हा तो नव्हताच. तो कोर्टाने वीस वर्षांपूर्वी संपवला होता. प्रश्न होता की आधी कोणाला माहीत होतं, त्यांनी कोणाला सांगितलं आणि ज्यांना सांगितलं त्यांनी काय केलं. आपण ग्रुपवर भांडतो ते भलत्याच प्रश्नावर.

निवृत्त फौजदार

आता मला लिहायलाच हवं. छत्तीस वर्षं खात्यात काढली, त्यातली निम्मी जिल्ह्यात. अहवालाचा पोलीस तपासाचा भाग मी दोनदा वाचलाय आणि दोन्ही वेळा झोप उडाली.

माहिती कुठे कुठे होती ते क्रमाने बघा.

रुईया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांना मदनलालने जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच कटाबद्दल सांगितलं होतं. त्यांना ती बढाई वाटली. २० तारखेच्या स्फोटाची बातमी वाचल्यावर ते हादरले आणि २१ला जाऊन मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाईंना भेटले. मोरारजींनी त्याच रात्री बॉम्बे सेंट्रलवर, अहमदाबादची गाडी सुटण्यापूर्वी, मुंबई पोलिसांच्या स्पेशल ब्रँचच्या नगरवालांना बोलावून सांगितलं: करकऱ्यांना पकडा, सावरकर सदनावर पाळत ठेवा. पण बातमी कोणी दिली ते सांगितलं नाही, कारण जैनांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं होतं. त्यामुळे तपास करणारा अधिकारी मूळ माणसाला स्वतः एक प्रश्नही विचारू शकला नाही. बातमीदाराचं नाव वर अडकलं की काय होतं ते मी भोगलंय.

दिल्लीहून दोन अधिकारी मुंबईला आले. त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवलं गेलं. ते म्हणत होते, आम्ही सगळं सांगितलं. नगरवाला म्हणत होते, मला करकऱ्यांच्या नावापलीकडे काही सांगितलं नाही. वीस वर्षांनी आयोगासमोरही दोन्ही बाजू तेच घोकत होत्या. आणि नगरवालांच्या डोक्यात कल्पना बसली होती की हा गांधीजींना पळवून नेण्याचा कट आहे. कपूर यांनी त्यावर कडक ताशेरे मारलेत.

आता सगळ्यात वाईट. पुण्याच्या सीआयडीचे डीआयजी राणा स्फोटाच्या वेळी दिल्लीत होते. मदनलालच्या जबाबाची प्रत त्यांच्या हातात दिली गेली, म्हणजे 'हिंदू राष्ट्र'चा उल्लेख असलेला कागद आणि त्या वृत्तपत्रावर लक्ष ठेवणाऱ्या खात्याचा प्रमुख, दोन्ही एकत्र आले होते. ते विमानाने आले नाहीत. आगगाडीने, अलाहाबादमार्गे, मुंबईत पोचले २७ तारखेला.

त्याच २७ तारखेला नथुराम आणि आपटे मुंबईहून दिल्लीच्या विमानात बसले.

पुण्याला एक फोन पुरेसा होता. वृत्तपत्राच्या प्रत्येक अंकावर संपादक, मुद्रक, प्रकाशक यांची नावं छापावी लागत, कायदा १८६७चा होता. स्टॉलवरचा पोऱ्याही सांगू शकला असता. पुण्याचे जे शिपाई या दोघांना तोंडाने ओळखत होते त्यांतले दोन जण बिर्ला हाउसच्या फाटकावर उभे केले असते तर?

माझ्या नोकरीत एकदा एका मुलीच्या बापाने धमकीची तक्रार दिली होती. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी पंचनामा करायला मी गेलो. त्यात कोणाचा कट नव्हता. कोणी पैसे खाल्ले नव्हते. प्रत्येकाने आपापलं काम 'केलं' होतं. त्या बापाचा चेहरा अजून दिसतो. म्हणून कोणी म्हणालं की 'एवढं दुर्लक्ष मुद्दाम केल्याशिवाय होतच नाही', तर मी सांगतो, होतं.

मीठबंदर

फौजदारकाका, वाचून अंगावर काटा आला.

ऐरोलीकर

काका, तुमच्या अनुभवापुढे मी काय बोलणार. तरी विचारतो. तीन शहरांचे पोलीस, तिन्हीकडे धागा, आणि तिन्हीकडे एकदमच ढिलाई? लोक संशय घेतात तो याच जागी. सरदार पटेलांवर तेव्हाच टीका झाली होती, जयप्रकाश नारायण उघड बोलले होते.

निवृत्त फौजदार

झाली होती, आणि देशाचे गृहमंत्री म्हणून ती त्यांना ऐकून घ्यावीच लागणार होती. पण हेही बघा: स्फोटानंतर बिर्ला हाउसवरचे पोलीस वाढवले होते, साध्या वेषातलेही ठेवले होते. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यायची परवानगी मागितली, गांधीजींनी ती दिली नाही. झडती नाही म्हटल्यावर एकच मार्ग उरतो, चेहरा ओळखणारा माणूस दारात उभा करणं. तो पुण्यात होता.

खटल्याचे न्यायाधीश आत्माचरण यांनी १९४९च्या निकालातच लिहून ठेवलंय की २० ते ३० जानेवारीच्या काळात पोलिसांनी थोडीशी तत्परता दाखवली असती तर हे बहुधा टळलं असतं. आयोगाच्या वीस वर्षं आधी. कोणी लपवलं नाही ते.

चरईतला वकील

कटाबद्दल एक मुद्दा, जो ग्रुपवर कोणाच्याच लक्षात येत नाही. 'कट होता, सरकारने लपवला' असं आज म्हणतात. प्रत्यक्षात खटल्यात काय झालं? सरकार पक्ष म्हणत होता कट आहे. आणि 'कट नव्हताच, मी एकट्याने केलं' असं म्हणणारा माणूस होता खुद्द नथुराम. शिमल्याला पंजाब उच्च न्यायालयात त्याने अपील केलं ते खुनाच्या शिक्षेविरुद्ध नव्हतंच, फक्त कटाच्या आरोपाविरुद्ध होतं. स्वतः बाजू मांडली त्याने.

मग कट सिद्ध कशाने झाला? माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे होता, पण माफीच्या साक्षीदारावर एकट्यावर भिस्त ठेवायची नसते, त्याला दुसरीकडून पुष्टी लागते. ती पुष्टी कुठून आली? विमानाची खोट्या नावांची तिकिटं, हॉटेलांच्या नोंदवह्या, धोब्याच्या खुणा, टांगेवाले, टॅक्सीवाले, तारा. ठाण्याची ती तार त्यातलीच एक. सरकार पक्षाचे १४९ साक्षीदार झाले. मोठ्या खटल्यात माणूस मोठ्या पुराव्याने अडकत नाही हो, असल्या पावती-नोंदीनेच अडकतो.

ऐरोलीकर

आणि सावरकरांचं काय? कोर्टाने निर्दोष सोडलं. तरी कपूर आयोगाने त्यांच्याविरुद्ध वाक्य लिहिलं. दोन्ही कसं खरं? माझ्या घरात ही जखम आहे, म्हणून विचारतोय.

चरईतला वकील

इथे मी जपून लिहितो, दोन्ही बाजूंची डोकी तापतात.

बडगेने सांगितलं की १७ जानेवारीला सावरकर सदनात, 'यशस्वी होऊन या' असे शब्द त्याने ऐकले. त्याला स्वतंत्र पुष्टी मिळाली नाही. १० फेब्रुवारी १९४९ला न्यायालयाने सावरकरांना निर्दोष सोडलं, सरकारने अपील केलं नाही. कायद्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

कपूर आयोगासमोर सावरकरांच्या अंगरक्षकाचे आणि चिटणिसांचे मार्च १९४८चे पोलिसांपुढचे जबाब आले, जे खटल्यात आले नव्हते. ते आणि इतर गोष्टी एकत्र पाहून कपूर यांनी लिहिलं की सावरकर आणि त्यांच्या गटाने केलेल्या कटाखेरीज दुसरी कुठलीही उपपत्ती टिकत नाही. ते वाक्य अहवालात आहे, नाही म्हणून चालणार नाही.

पण सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ला गेले. कपूर यांची नेमणूक त्यानंतर नऊ महिन्यांनी. ज्याच्याविरुद्ध वाक्य लिहायचं त्याला उत्तर द्यायला बोलवावं, हे कुठल्याही चौकशीचं मूळ तत्त्व. मेलेला माणूस कसा उत्तर देणार? पोलिसांपुढचा जबाब कोर्टात पुरावा होत नाही, त्याची उलटतपासणी लागते. आयोगाचं मत म्हणजे निकाल नव्हे. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर ठक्कर आयोगाने 'संशयाची सुई' आर. के. धवन यांच्याकडे वळवली होती, पुढे त्यांच्यावर खटला उभा राहिला नाही, ते परत राजकारणात आले. सुई वळवणं वेगळं, शिक्षा वेगळी.

म्हणून मी दोन्ही सांगतो. कोर्टाने सोडलं हे सांगताना आयोगाचं वाक्य गाळू नका. आयोगाचं वाक्य सांगताना कोर्टाचा निकाल गाळू नका. आपल्याकडे जो तो एकच पान फाडून घेऊन फिरतो.

ऐरोलीकर

हे मान्य. घरी आमच्याकडे दुसरं पान कोणी दाखवलंच नव्हतं.

सेक्टर१७

एक विचारायचं होतं. ५५ कोटींमुळे नथुराम पेटला, हे शाळेपासून ऐकतेय. पण तारखा जुळतात का? मंत्रिमंडळाने पाकिस्तानला ५५ कोटी द्यायचा निर्णय घेतला १५ जानेवारीला. नथुरामने आपल्या विम्याच्या दोन पॉलिसी आपटे आणि गोपाळ यांच्या बायकांच्या नावे केल्या १३ आणि १४ जानेवारीला. म्हणजे मरायची तयारी आधीच झाली होती.

नौपाडेकर

बरोबर पकडलंत. त्या पॉलिसी खटल्यात पुरावा म्हणून आहेत. १३ला गांधीजींचं उपोषण सुरू झालं होतं, त्यामुळे त्याचा संबंध जोडणारे आहेत. पण ५५ कोटींचा निर्णय ऐकून ठरलं, हे तारखांत बसत नाही. शिवाय १९३४ला पुण्यात गांधीजींच्या सत्काराला जाणाऱ्या मोटारींवर बाँब पडला, १९४४ला पाचगणीत गोंधळ झाला, तेव्हा कुठे होतं पाकिस्तान आणि कुठे ५५ कोटी?

आणि एक विनंती. वर एकदोघांनी मला खासगीत लिहिलं की 'वध' लिहा. मी लिहिणार नाही. वध कंसाचा होतो, अफझलखानाचा होतो. प्रार्थनेला निघालेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या निःशस्त्र म्हाताऱ्याला वाकून नमस्कार करून गोळ्या घालणं याला मराठीत खून म्हणतात. शब्द निवडला की अर्धा निकाल लागतो, म्हणून सांगितलं.

कृष्णाकाठ

सगळं वाचत होते, लिहावं की नको असं दोन दिवस चाललं होतं.

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. मी लग्न होऊन ठाण्यात आले, आता चाळीस वर्षं झाली. आमच्या घरी 'अठ्ठेचाळीसचं जळीत' एवढाच शब्द होता. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जमाव आला. मारेकरी ब्राह्मण, म्हणून गावातली ब्राह्मणांची घरं पेटवली. आजी चुलीवरचं पातेलं तसंच टाकून मागल्या दाराने निघाली, कडेवर माझा बाप. शेजारच्या मराठा कुटुंबाने तीन दिवस गोठ्यात लपवलं. त्या घराशी आमचे संबंध अजून आहेत, त्यांच्या नातीच्या लग्नाला मी गेल्या वर्षी जाऊन आले.

आजोबा गांधींना मानणारे होते. खादी वापरायचे. त्यांचा चरखा घराबरोबर जळला.

तुमच्या चर्चेत मला एक सांगायचंय. फौजदारांनी लिहिलेले ते दहा दिवस, तो न केलेला फोन, अलाहाबादमार्गे आलेली ती गाडी, याची किंमत फक्त बिर्ला हाउसमध्ये मोजली गेली नाही. सांगली, सातारा, कोल्हापूरला शेकडो कुटुंबं उठली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जाळला. दादरला नारायणराव सावरकरांना दगडांनी फोडलं, ते त्यातून उठलेच नाहीत, पुढच्या वर्षी गेले. आजीला चौथी गोळी, तिसरी गोळी काही ठाऊक नव्हतं. ती विचारायची, 'पकडलेल्यानं नाव सांगितलं होतं ना, मग बाकीचे मोकळे कसे?' अक्षरशत्रू बाई. आयोगाचा प्रश्न तोच होता, हे मला या धाग्यावर कळलं.

निवृत्त फौजदार

ताई, तुमच्या आजींना माझा नमस्कार. खात्यातर्फे उत्तर द्यायचा मला अधिकार नाही. माझ्यापुरतं सांगतो, उत्तर नाहीये.

ऐरोलीकर

कृष्णाकाठताई, मीही त्याच बाजूचा आहे, आमचं घर मिरजेजवळचं. वडील ही गोष्ट सांगताना नेहमी 'सरकारने घडवून आणलं' इथे थांबायचे. मला वाटतं तसं म्हटलं की त्यांना सोसायला सोपं जात असावं. कोणीतरी मोठ्याने ठरवून केलं, म्हणजे आपल्या घराची राख व्हायला काही कारण तरी होतं. एका अधिकाऱ्याने विमानाऐवजी गाडी पकडली म्हणून घर जळलं, हे कसं सोसायचं माणसाने?

फरार तिघांचा आणि पिस्तुलाच्या मागचा प्रश्न मी सोडणार नाही. पण चौथ्या गोळीचा संदेश मीच आमच्या दोन ग्रुपवर पुढे पाठवला होता. आज रात्री तिथे वकीलसाहेबांचा जखमांचा हिशेब टाकतो.

चरईतला वकील

ग्वाल्हेरच्या प्रश्नावर वाचायचं असेल तर उच्च न्यायालयाचा २१ जून १९४९चा निकाल आधी वाचा. पिस्तूल मिळवून दिल्याचा आरोप असलेले ग्वाल्हेरचे डॉ. परचुरे आणि बडगेचा नोकर शंकर किस्तय्या त्यात सुटले. परचुऱ्यांचा कबुलीजबाब का टिकला नाही त्याची चर्चा त्यात आहे. पिस्तुलाचा माग तिथेच तुटतो. तुम्हाला हवं असलेलं तिथून सुरू होईल.

मीठबंदर

आईला (वय ८४) हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, तार ऑफिसात तेव्हा लोक मयताची किंवा जन्माची तारच करायला जात, बाकी कशाला कोण पैसे घालवतोय. 'ताबडतोब या' वाचून तार बाबूला वाटलं असेल कोणी आजारी आहे. मग बराच वेळ गप्प बसली.

नौपाडेकर

आईंचं बोलणं ऐकून मीही थांबलो जरा.

शनिवारी संध्याकाळी पाचला मी तलावपाळीवर असतो, गडकरी रंगायतनच्या बाजूला. अहवालाच्या पुण्याच्या पोलिसांवरच्या प्रकरणाच्या प्रती काढून आणतो. फौजदारकाका, जमलं तर या, त्यातल्या खात्याच्या भाषेचा मला अर्थ लागत नाही. कृष्णाकाठताई, तुम्हीही. आजींनी सांगितलेलं सगळं कुठेतरी लिहून ठेवलंय का तुम्ही?

कृष्णाकाठ

नाही. शनिवारी येते. वही घेऊन येते.